रखडलेला प्रकल्प आणि समस्या-निराकरणाची पद्धत : अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्गाची चिकित्सा

प्रस्तावना :

एखादा सार्वजनिक प्रकल्प रखडला की त्याची चर्चा साधारणपणे दोनच भाषांत होते. काम थांबलेले असेपर्यंत अन्यायाची भाषा वापरली जाते आणि काम सुरू होताच श्रेयाची. प्रकल्प नेमका कशामुळे अडला आणि कशामुळे सुटला, या प्रश्नाला या दोन्ही भाषांत फारशी जागा नसते. अहमदनगर-बीड-परळी वैजनाथ हा सुमारे २६१ किलोमीटर लांबीचा रेल्वेमार्ग हे याचे बीड जिल्ह्यातील सर्वांत ठळक उदाहरण होय. १९९५ साली मंजूर झालेल्या या मार्गावरून आष्टीपर्यंत प्रवासी गाडी येण्यास २०२२ साल उजाडले आणि बीड या जिल्ह्याच्या ठिकाणी ती पोहोचण्यास २०२५. पहिल्या अंदाजपत्रकातील सुमारे ३५३ कोटी रुपयांचा खर्च पुढे ४,८०५ कोटींवर, म्हणजे तेरा पटींहून अधिक, गेला.

हा प्रकल्प अखेर वाचला, असे आज सर्वत्र मानले जाते. या मान्यतेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रकल्प वाचला म्हणजे नेमके काय वाचले, असा प्रश्न त्यासाठी विचारला आहे.

पद्धतीची चौकट :

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या (१८८७-१९८५) यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या ग्रंथात समस्या सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : समस्या समजून घेणे, योजना आखणे, योजना अमलात आणणे आणि मिळालेल्या उत्तराकडे मागे वळून पाहणे. ग्रंथ गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी होता. परंतु या चार पायऱ्यांचा विचार गणितापुरता मर्यादित राहिलेला नाही. व्यवस्थापनशास्त्रात एलियाहू गोल्डरॅट यांनी 'द गोल' (१९८४) या पुस्तकातून त्याला पूरक असा एक विचार मांडला. कोणत्याही व्यवस्थेचा वेग तिच्यातील सर्वांत अरुंद जागेवरून ठरतो. म्हणून सगळीकडे थोडे थोडे सुधारण्यापेक्षा ती एक जागा आधी शोधावी, असे त्याचे सार आहे.

या रेल्वेमार्गाच्या संदर्भात कोणी ही पुस्तके समोर ठेवून निर्णय घेतले, असा दावा येथे नाही. ही चौकट केवळ मूल्यमापनाचे साधन म्हणून घेतली आहे.

समस्येचे आकलन :

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटाच्या कुशीतील पर्जन्यछायेचा प्रदेश. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी येथील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आष्टी तालुक्याचा बाजार, दवाखाना आणि उच्च शिक्षण यांसाठीचा ओढा पूर्वीपासून नगरकडे व पुढे पुण्याकडे आहे. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळी निजामाच्या काळातच रेल्वेच्या नकाशावर आली. परंतु पश्चिमेकडील तालुके आणि खुद्द बीड शहर त्याबाहेर राहिले. त्यामुळे रेल्वेची मागणी न्याय्य होती, याविषयी दुमत संभवत नाही.

तथापि मागणी न्याय्य असणे आणि समस्येचे निदान अचूक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दीर्घकाळ या प्रश्नाचे निदान 'मराठवाड्यावरील अन्याय' या एका शब्दसमूहात सामावले गेले. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीपासून अनुशेषाची परिभाषा महाराष्ट्रात रूढ झाली. ही परिभाषा तुटवडा मोजते, मात्र तुटवड्याचे कारण सांगत नाही. अनुशेष म्हणून पाहिले की उपाय एकच सुचतो : अधिक निधी मागणे.

२०१४ च्या रेल्वे अर्थसंकल्पीय भाषणात तत्कालीन रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी दिलेली आकडेवारी या निदानाला छेद देते. त्यापूर्वीच्या तीस वर्षांत देशात १,५७,८८३ कोटी रुपयांचे ६७६ प्रकल्प मंजूर झाले. त्यांपैकी ३१७ पूर्ण झाले आणि उरलेल्या ३५९ प्रकल्पांसाठी १,८२,००० कोटी रुपये लागणार होते. त्याआधीच्या दहा वर्षांत मंजूर झालेल्या ९९ नव्या मार्गांपैकी केवळ एक पूर्ण झाला होता. याचा अर्थ स्पष्ट आहे. बीडचा मार्ग रखडला तो केवळ बीडचा असल्यामुळे नव्हे. मंजुरी देणे राजकीयदृष्ट्या स्वस्त आणि पूर्ण करणे महाग असलेल्या व्यवस्थेत तो शेकडो प्रकल्पांबरोबर रांगेत उभा होता. प्रत्येकाला थोडा निधी मिळत होता, आणि नेमक्या त्यामुळेच कोणाचेही काम पुरे होत नव्हते. दरवर्षी मिळणारी तरतूद वाढत्या खर्चाच्या मागे धावत राहिली. अरुंद जागा ही होती. केवळ 'निधी द्या' म्हणणारे निदान तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. रांगेतून बाहेर पडण्याची वाट शोधणे आवश्यक होते.

योजना व अंमलबजावणी :

ही वाट राज्य शासनाने निम्मा खर्च उचलण्याचे मान्य केल्यामुळे मिळाली. रेल्वे हा केंद्राचा विषय. त्यामुळे राज्याने त्यात का खर्च करावा, हा आक्षेप सैद्धांतिकदृष्ट्या गैर नव्हता. परंतु राज्याचा वाटा आल्याने प्रकल्पाचा दर्जा बदलला. तो केवळ एका खात्याच्या यादीतील नोंद राहिला नाही, तर दोन शासनांचा करार बनला.

या मार्गाला महाराष्ट्रातच एक आदर्श उपलब्ध होता. १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. सुमारे ७४१ किलोमीटरचा तो अवघड मार्ग जानेवारी १९९८ मध्ये संपूर्णपणे खुला झाला. ही तुलना जपून केली पाहिजे. कोकण रेल्वे मुंबई-मंगळूर अशा मोठ्या वाहतुकीचा दुवा होती आणि तिच्यासाठी रोख्यांतून पैसा उभारता आला. बीडच्या मार्गाला तसे आर्थिक आकर्षण नव्हते. तरीही एक फरक नोंदवावा लागतो. कोकणात खर्चाच्या वाटणीबरोबर एक स्वतंत्र संस्था, एक नेतृत्व आणि एक मुदत आली. बीडच्या वाट्याला खर्चाची वाटणी आली. पण पूर्णत्वासाठी उत्तरदायी अशी स्वतंत्र संस्था आली नाही. दोन तिजोऱ्यांच्या व्यवस्थेत एकीचा हप्ता लांबला की दुसरीही हात आखडते, हा धोका त्यामुळे कायम राहिला. त्यातच २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. शेतकऱ्याला वाढीव मोबदला मिळणे हे न्यायाचेच होते; परंतु विलंबाची किंमतही त्यामुळे वाढली.

अंमलबजावणीतील दुसरा निर्णायक बदल टप्प्यांचा होय. २६१ किलोमीटरचे काम एका टोकाकडून सलगपणे पुरे करत आणले गेले. मार्च २०१७ मध्ये अहमदनगर ते नारायणडोह या १२ किलोमीटरवर चाचणी झाली. २०१९ मध्ये ती सोलापूरवाडीपर्यंत आणि डिसेंबर २०२१ मध्ये आष्टीपर्यंत आली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ६६ किलोमीटरच्या या टप्प्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. विखुरलेली शंभर कामे अपुरी ठेवण्यापेक्षा एक सलग तुकडा वापरात आणणे, हे गोल्डरॅट यांच्या विचाराशी जुळणारे धोरण होते. पुढे १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी बीडला पोहोचली. त्या दिवशी बीड ते परळी हा टप्पा शिल्लक होता.

उत्तराची फेरतपासणी :

येथवरची कथा यशाची आहे. पोल्या यांची चौथी पायरी मात्र इथूनच सुरू होते. मिळालेले उत्तर मूळ प्रश्नाचे आहे काय?

आष्टीकरांचा मूळ प्रश्न 'लोहमार्ग हवा' हा नव्हता. सकाळी नगरला पोहोचून बाजार, दवाखाना, न्यायालय किंवा महाविद्यालयातील काम उरकावे आणि संध्याकाळी घरी परतावे, तसेच पुण्याकडे स्वस्तात जाता यावे, हा तो प्रश्न होता. आष्टीच्या गाडीचे सुरुवातीचे वेळापत्रक याच्या नेमके उलट होते. गाडी सकाळी अहमदनगरहून निघून आष्टीला येई आणि अकराच्या सुमारास परत फिरे. ६६ किलोमीटरसाठी तिला जवळपास तीन तास लागत. म्हणजे आष्टी, कडा किंवा धानोऱ्याचा प्रवासी नगरला दुपारी पोहोचे, आणि त्याच दिवशी परतण्यासाठी त्याला गाडी नसे. एसटीने किंवा खासगी वाहनाने हाच प्रवास कमी वेळात व सोयीच्या वेळी होत असताना गाडी रिकामी धावली, तर त्यात प्रवाशाचा दोष नाही. रेल्वे प्रशासनाच्या दृष्टीने यामागे गाडीचा मुक्काम, देखभाल यांची कारणे असू शकतात. परंतु ती कारणे प्रशासनाच्या सोयीची आहेत. समस्या ज्याची होती त्याच्या सोयीची नाहीत.

याहून गंभीर बाब पुनरावृत्तीची आहे. २०२५ मध्ये बीडसाठी सुरू झालेल्या गाडीचे आरंभीचे वेळापत्रकही त्याच वळणाचे होते : सकाळी अहिल्यानगरहून (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) निघून दुपारी बीडला आणि दुपारी निघून संध्याकाळी परत अहिल्यानगरला. आष्टीच्या टप्प्याने तीन वर्षांपूर्वी जो धडा दिला होता, तो पुढच्या टप्प्याच्या आखणीत उतरला नाही. टप्प्याटप्प्याने काम करण्याचा खरा लाभ हाच असतो की पहिल्या टप्प्याची चूक दुसऱ्यात टाळता येते. येथे टप्पे मिळाले, पण त्यांच्यापासून शिकणे राहून गेले.

एक संभाव्य आक्षेप :

हे सर्व पश्चातबुद्धीचे विवेचन असून प्रकल्प प्रत्यक्षात राजकीय इच्छाशक्तीने वाचला, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. लोकप्रतिनिधींच्या आणि आंदोलकांच्या पाठपुराव्याविना हा मार्ग कागदावरच राहिला असता. परंतु इच्छाशक्ती १९९५ पासूनच होती. प्रत्येक निवडणुकीत या रेल्वेचे आश्वासन दिले गेले. ती फलद्रूप झाली ती तिला खर्चाची निश्चित वाटणी आणि कामाचा निश्चित क्रम मिळाल्यानंतर. पद्धत ही इच्छाशक्तीला पर्याय नसते. इच्छाशक्तीला दिशा देणे हे तिचे कार्य होय.

निष्कर्ष :

१) या मार्गाचे रखडणे हा केवळ प्रादेशिक अन्यायाचा परिणाम नव्हता. मंजुऱ्यांची गर्दी आणि निधीचे पातळ वाटप हा त्यामागील व्यवस्थात्मक दोष होता.

२) राज्याचा निम्मा वाटा आणि सलग टप्प्यांची बांधणी या दोन उपायांनी प्रकल्प मार्गी लागला. मात्र कोकण रेल्वेसारखी एकसंध जबाबदारी निर्माण झाली नाही.

३) प्रकल्पाचे यश किलोमीटर, कोटी आणि उद्घाटनाची तारीख यांत मोजले गेले. प्रवाशाचा वाचलेला वेळ व पैसा हे माप लावले गेले नाही. म्हणून बांधकाम वाचले, पण प्रयोजन अर्धेच वाचले.

४) बीड-परळी टप्पा खुला करताना वेळापत्रक प्रथम व उद्घाटन नंतर, असा क्रम स्वीकारला गेला, तर आधीच्या दोन टप्प्यांची उणीव भरून निघू शकेल. वेळापत्रक बदलण्यास नवे भूसंपादन लागत नाही आणि नवा पूलही बांधावा लागत नाही. तीस वर्षांच्या आणि हजारो कोटींच्या खर्चानंतर जे सर्वांत स्वस्त काम उरले आहे, तेच न होणे ही या प्रकल्पाची सर्वांत महाग चूक ठरेल.