अंतकाळचे पाणी कुणाच्या हातचे?

हिंदू रुग्णाची अंतकाळची सेवा कशी करावी, हे परिचारिकांना सांगणारी टिपणे मी वाचली. मुखी गंगाजल, तुळशीपत्र, कानी गीता. हेतू चांगला आहे. पण हा हिंदू कोणता? वाड्यातल्या मरणाची रीत इथे सर्वांची संस्कृती म्हणून मांडली आहे.

आम्ही मातंग. माझी चुलती लोहाऱ्यात कर्करोगाने गेली. केसपेपरावर 'हिंदू' लिहिले होते. गीता तिने कधी ऐकली नव्हती. उशाशी मरीआईचा अंगारा होता. तरुणपणी तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. शेवटी परजातीच्या परिचारिकेने कप ओठांना लावला, तेव्हा चुलतीने आधी तिच्या तोंडाकडे पाहिले, मग ती प्याली. महाडला १९२७ साली जे मागितले, ते हेच नव्हे काय? टिपणांत या स्पर्शाला जागाच नाही.

मुंबईत शांती अवेदना सदन १९८६ साली निघाले. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने अडवलेली मॉर्फिनची वाट २०१४च्या दुरुस्तीने सुकर झाली. चुलतीपर्यंत ती पोचली नाही.

म्हणून म्हणतो, आधी वेदना थांबवा. मग जात-धर्माचा अंदाज न बांधता विचारा, "मावशी, तुम्हाला काय हवं?"