व्यासपीठावरची मराठी

कीर्तन, भारूड, पोवाडा यांचा मराठी समीक्षेने वाङ्मय म्हणून विचार केला. चर्चमधल्या प्रवचनाकडे मात्र विधीचा एक भाग म्हणूनच पाहिले. दर रविवारी शेकडो माणसे एकत्र बसून जी मराठी ऐकतात, तिचा कस पाहायला हवा. प्रवचन निकृष्ट असले की केवळ वेळ वाया जात नाही. ऐकणाऱ्याला आपलाच धर्म परका वाटू लागतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. त्याच्या आरंभी एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रींना विचारतो : जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही का देत नाही? या प्रश्नामागे पोर्तुगीज सत्तेची सक्ती आहे. ती नजरेआड करून केवळ ओवीचे माधुर्य गाणे ही अर्धी समीक्षा होईल. तरीही स्टीफन्सनी तो प्रश्न ग्रंथात राहू दिला आणि श्रोत्याच्याच छंदात उत्तर दिले. पुढे १६८४ च्या फर्मानाने गोव्यात लोकभाषेवरच गदा आली. श्रोत्याची भाषा काढून घेतली की त्याचा प्रश्नही जातो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे कीर्तनातून ख्रिस्त सांगितला. कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण असते, तर उत्तररंगात आख्यान. म्हणजे सांगितलेला विचार माणसांच्या गोष्टीत पारखला जातो. वचन, तीन मुद्दे आणि तात्पर्य या ठरीव साच्यात ही पारख क्वचितच होते. पण टाळ-चिपळ्या घेतल्या म्हणजे प्रवचन मराठी होते असेही नाही. टिळकांची भक्ती अभंगाच्या वळणाची होती, म्हणून ते रूप त्यांना शोभले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये प्रवचन हे उपासनेचेच अंग असल्याचे स्पष्ट केले. रविवारी सबळ कारणाविना ते टाळू नये असेही सांगितले. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ते आठ मिनिटांपलीकडे जाऊ नये, असे बजावले. सूचना रास्त आहे. पण आठ मिनिटेही पोकळ असू शकतात. खरा रोग भाषेत आहे. ‘प्रभूने हे माझ्या हृदयावर ठेवले’ अशी इंग्रजीवरून उतरवलेली वाक्ये कानाला सवयीची होतात आणि अर्थ सांगेनाशी होतात. वसईत घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या कुटुंबाला अशी मराठी दुहेरी परकी वाटते.

येशूने पेरणारा, खमीर, हरवलेले नाणे अशा ऐकणाऱ्यांच्या शेता-घरातल्या गोष्टी घेतल्या. त्या आज जशाच्या तशा सांगणे म्हणजे त्यांचे अनुकरण नव्हे. वाडी विकून टाकलेल्या माणसासमोर पेरणाऱ्याचा दाखला सांगताना बी कुठे पडणार, हा प्रश्न प्रवचनकाराने स्वतःला विचारला पाहिजे. तो विचारायचा तर आठवडाभर माणसांत वावरावे लागते, वाचावे लागते, लिहिलेले खोडावे लागते. वक्तृत्वाची देणगी नसलेला पाद्रीही एवढे करू शकतो. आणि ते झाले की नाही, हे मागच्या बाकावर बसलेल्याला पहिल्या दोन मिनिटांत कळते.