एका घरातले दोन वाचक

पुस्तक निवडणे हे समीक्षेचे पहिले काम होय. ते आपल्या घरोघरी, समीक्षा हा शब्दही न उच्चारता, सतत चाललेले असते. नाताळच्या आधी एखाद्या पुस्तकांच्या दुकानात घटकाभर उभे राहावे, म्हणजे हे काम कसे उरकले जाते ते दिसते. चार वर्षांच्या मुलासाठी आलेला बाप आतली पाने न उलटता ‘यातून काय शिकायला मिळेल?’ असे विचारतो. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी लेक नव्या तंत्राचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेला एक जाडजूड ग्रंथ उचलते. दोन्ही पुस्तके घरी येतात, कपाटात बसतात आणि बहुधा तेथेच राहतात. मूल चार दिवसांत आपले पुस्तक टाकून देते. लेकीच्या ग्रंथाचे पहिले प्रकरण तेवढे हाताळलेले दिसते. मग आपण म्हणतो, ‘हल्ली कोणी वाचत नाही.’ वस्तुतः दोष वाचकाचा नसून निवडीचा असतो, असे माझे मत आहे, आणि प्रस्तुत लेखात त्याचीच मीमांसा करावयाची आहे.

लहान मूल आणि तंत्रज्ञ या दोन वाचकांना एकाच लेखात बसवणे काहींना विचित्र वाटेल. परंतु दोघांच्याही पुस्तकांचे कूळ एक आहे. योहान आमोस कोमेनियस या मोराव्हियन शिक्षणतज्ज्ञाचे ‘ओर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. मुलांसाठी रचलेल्या सचित्र पुस्तकांत ते आद्य मानले जाते. लॅटिन आणि जर्मन मजकूर शेजारी-शेजारी, आणि जवळपास दीडशे चित्रे. आकाश, अग्नी, पाणी, पक्षी यांच्याबरोबर त्यात पाव भाजणारा, जोडे शिवणारा, पुस्तक छापणारा असे नाना कारागीरही आपापल्या अवजारांसह येतात. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला एक आकडा, आणि मजकुरात त्या वस्तूच्या नावापाशी तोच आकडा. आज यंत्राच्या माहितीपुस्तिकेत भागांची आकृती अगदी याच पद्धतीने दिलेली असते. बालवाङ्मय आणि तंत्रविषयक ग्रंथ यांची ताटातूट पुढे झाली. आरंभी वस्तू दाखवावी, तिचे नाव सांगावे आणि वाचकाच्या बोटाला त्या दोहोंमध्ये वाट काढू द्यावी, हा एकच विचार दोहोंच्या मुळाशी होता.

या कसोटीवर बालकांचे एक जगप्रसिद्ध पुस्तक पाहू. एरिक कार्ल यांचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ १९६९ साली निघाले. कथा एवढीच : अंड्यातून निघालेला भुकेला सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नासपती, असे करीत शुक्रवारी पाच संत्र्यांपर्यंत पोहोचतो. शनिवारी तो केकपासून कलिंगडापर्यंत सारे काही खातो आणि त्याचे पोट दुखते. रविवारी एक हिरवे पान खाऊन त्याला बरे वाटते. पुढे तो कोशात जातो आणि शेवटी फुलपाखरू होतो. फळांची पाने क्रमाने रुंद होत जातात, आणि प्रत्येक फळाला सुरवंटाने पाडलेले खरेखुरे भोक असते. ही भोके पाडून पुस्तक परवडेल असे छापणारा छापखाना अमेरिकेत मिळेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानमध्ये छापावी लागली. मुलाचे बोट त्या भोकातून जाते, पान उलटते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. वार, अंक, फळांची नावे हे सारे त्यात आहे. पण ते शिकवण्यासाठी कथा थांबत नाही. मुलाला सुरवंटाचे पुढे काय होते ते हवे असते, आणि त्या ओढीत अंक आपोआप मोजले जातात.

या पुस्तकावर एक आक्षेप घेतला जातो. फुलपाखराचा सुरवंट रेशमी वेष्टन विणत नाही. तसे वेष्टन पतंगाचे सुरवंट विणतात. कार्ल यांनी मात्र पतंगाच्या कोशाला लागू पडणारा शब्द फुलपाखराला वापरला आहे. शास्त्रदृष्ट्या ही चूक आहे. तिच्यापायी पुस्तक बाद करावे काय? मला तसे वाटत नाही. त्या पुस्तकाचे वचन कीटकशास्त्राचे नाही. लहानाचे मोठे होण्याचे आहे, आणि ते वचन ते पाळते. मुलाने पुढे शाळेत खरी गोष्ट शिकली, तर या पुस्तकाने लावलेली गोडी त्याला आड येणार नाही.

मराठीत या तोलाचे काम शोधताना माधुरी पुरंदरे यांचे नाव अग्रभागी येते. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांच्या बालसाहित्यातील कामगिरीचा गौरव केला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची ‘राधाचं घर’ ही मालिका राधा नावाच्या एका लहान मुलीच्या घरातल्या माणसांभोवती फिरते. त्यात परी नाही, राक्षस नाही, राजपुत्र नाही. रोजचे घर मुलाच्या उंचीवरून पाहिले तर कसे दिसते, हे लेखिकेने शब्दांत आणि स्वतः काढलेल्या चित्रांत पकडले आहे. असे पुस्तक वाचून दाखवताना आई-बापांना आवाज बदलावा लागत नाही; घरातलीच भाषा पुस्तकातून ऐकू येते. मूल इंग्रजी शाळेत जाणार असेल, तर या गोष्टीचे मोल अधिकच. घरची भाषा छापलेलीही असते, तिच्यातही चित्रे असतात, हे त्याला शाळेत जाण्यापूर्वी कळले पाहिजे. नंतर ते पटवणे फार कठीण जाते.

आपल्या समाजात बालपुस्तकाची निवड करताना आणखी एक कसोटी लावली जाते, ती म्हणजे ‘बोध’. गोष्टीच्या अखेरीस तात्पर्य ठळक छापलेले असले की आपले समाधान होते. या समाधानाची थोडी चिकित्सा व्हायला हवी. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचा शेवट आठवावा. धाकटा परत आला आहे, घरात मेजवानी चालू आहे, थोरला रुसून बाहेर उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालतो आहे. थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. दाखला तेथेच संपतो आणि पुढचे ऐकणाऱ्याकडे सोपवतो. मुलासाठी लिहिणाऱ्याने एवढा विश्वास मुलावरही ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. ज्या गोष्टीचे सारे सार शेवटच्या ओळीत काढून दिलेले असते, ती मूल दुसऱ्यांदा मागत नाही. विचार करायला तिने काही शिल्लकच ठेवलेले नसते.

आता घरातल्या दुसऱ्या वाचकाकडे वळू. तंत्रज्ञाच्या पुस्तकाबाबत आपला समज असा की, ते जाड असावे, ताजे असावे आणि थोड्या दिवसांत पारंगत करण्याचे आश्वासन देणारे असावे. या समजाला सर्वांत चांगले उत्तर एका पातळ पुस्तकाने दिले आहे. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ १९७८ साली निघाले. १९८८ ची सुधारित आवृत्तीही पावणेतीनशे पानांच्या आत आटोपते. ‘सी’ ही संगणकभाषा घडवणारे रिची स्वतः सहलेखक. त्यांना हजार पाने लिहिणे अवघड नव्हते. त्यांनी काय गाळावे याचा विचार केला. जगाला नमस्कार करणारी चार-पाच ओळींची आज्ञावली आरंभीच येते, वाचक ती लगेच चालवून पाहतो, आणि मग प्रत्येक पाठासोबत स्वाध्याय. तो स्वाध्याय केल्याविना पुढचा पाठ अर्धाच कळतो. कार्ल यांच्या पुस्तकातले भोक मुलाच्या बोटाला जे करावयास लावते, तेच हा स्वाध्याय प्रौढाच्या बुद्धीला करावयास लावतो.

आपल्याकडे याच भाषेसाठी नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ अनेक पिढ्यांनी वाचले. मराठी वा हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी ग्रंथ परके वाटत, त्या काळी या पुस्तकाच्या सोप्या, गप्पा मारल्यासारख्या शैलीने त्याची भीती घालवली. हे त्याचे खरे श्रेय. तथापि त्याची दीर्घकाळ गाजलेली रूपे ‘टर्बो सी’ या तेव्हाच्या सर्वत्र असलेल्या साधनाशी बांधलेली होती. साधन जुने झाले, तशी ती पानेही जुनी झाली. यावरून एक नियम हाती लागतो : तंत्रपुस्तक घेताना ते विषय शिकवते की विषयाचे एक अवजार शिकवते, हे पाहावे. अवजाराचे पुस्तक घेऊच नये असे नाही. त्याचे आयुष्य थोडे आहे, हे जाणून घ्यावे आणि तेवढाच पैसा त्यावर घालावा.

दीर्घायुषी पुस्तकाचा नमुना म्हणून फ्रेडरिक ब्रुक्स यांचे ‘द मिथिकल मॅन-मंथ’ सांगता येईल. आय.बी.एम. कंपनीच्या ‘सिस्टिम ३६०’ या संगणकासाठी प्रचंड आज्ञावली लिहिण्याच्या कामाचे प्रमुखपद ब्रुक्स यांनी सांभाळले होते. ते काम रेंगाळले, आणि त्या अनुभवातून १९७५ साली हे पुस्तक आले. उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली तर उशीर वाढतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्परांशी बोलण्याचे धागे वाढत जातात, हा त्यातला प्रसिद्ध सिद्धान्त. त्या काळचे संगणक आज वस्तुसंग्रहालयात आहेत. माणसे मात्र तशीच आहेत, म्हणून पुस्तक टिकले. १९९५ च्या आवृत्तीत ब्रुक्स यांनी आपल्या मतांची पुन्हा झडती घेतली आणि एका महत्त्वाच्या मुद्द्यावर डेव्हिड पार्नास यांचे बरोबर होते, आपले चुकले होते, असे स्पष्ट नमूद केले. लेखकाच्या अशा प्रामाणिकपणाची किंमत तंत्रवाङ्मयात फार मोठी असते.

येथे बालपुस्तक आणि तंत्रपुस्तक यांतला खरा भेद समोर येतो. सुरवंटाच्या कोशातली चूक आपण क्षम्य मानली. तंत्रग्रंथातली चूक तशी मानता येत नाही, कारण तिच्यावर कोणाचे तरी काम उभे राहणार असते. डोनाल्ड कनूथ यांचा ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा ग्रंथराज १९६८ पासून खंडशः निघत आहे. त्यात चूक दाखवून देणाऱ्या पहिल्या वाचकाला कनूथ २.५६ डॉलरचे पारितोषिक देत आले. २००८ पासून त्यांनी खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देण्यास सुरुवात केली, पण प्रथा मोडली नाही. वाचकांनी ते धनादेश बँकेत भरण्याऐवजी चौकटीत लावून ठेवले, यातच त्या नात्याचा मोठेपणा दिसतो.

एक प्रश्न आज टाळता येणार नाही. संगणकाला प्रश्न विचारताच तो उत्तर लिहून देतो. आज्ञावलीही लिहून देतो. मग तंत्रज्ञाने पुस्तक का वाचावे? माहिती चाळण्यासाठी घेतलेल्या ग्रंथांची गरज खरोखरच कमी झाली आहे, हे मान्य करावे. परंतु मिळालेले उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवण्यासाठी विषयाची बांधणी स्वतःच्या डोक्यात असावी लागते, आणि ती बांधणी सुटी उत्तरे गोळा करून होत नाही. गूगलमध्ये काम केलेले संगणकतज्ज्ञ पीटर नॉर्विग यांनी काही दिवसांत प्रोग्रॅमिंग शिकवू पाहणाऱ्या पुस्तकांना उत्तर म्हणून एक लेख लिहिला आणि त्यात दहा वर्षांची मुदत सांगितली. मुलाच्या बाबतीतही हेच आहे. मोबाइलवरची हलती चित्रे त्याला पुढे ओढत नेतात. पुस्तकाचे पान ते उलटेपर्यंत थांबते. आवडलेल्या पानावर मूल दहा वेळा परत जाते, आणि त्या परत जाण्यातच त्याचे शिकणे घडते.

तेव्हा दोन्ही वाचकांसाठी निवडीचे निकष असे मांडता येतील. पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटेल काय? लेखकाने काही विचारपूर्वक गाळले आहे काय? वाचकाला करण्यासारखे काही ठेवले आहे काय? तंत्रपुस्तकापुरता चौथा प्रश्न : त्यातले किती टिकेल, आणि चूक आढळल्यास लेखक काय करतो? बालपुस्तकापुरता चौथा प्रश्न वेगळा : हे मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याला कंटाळा येईल काय? कारण चार वर्षांच्या मुलाचे पुस्तक दोघे मिळून वाचतात, आणि त्यांतला एक बहुधा दिवसभर पडद्यासमोर बसून, विरारच्या गाडीतून उभ्याने प्रवास करून घरी आलेला असतो. त्यालाही ते पुस्तक उघडावेसे वाटले पाहिजे.

खर्चाची अडचण खरी आहे. चांगली चित्रे असलेले पुस्तक आणि परदेशी तंत्रग्रंथ दोन्ही महाग. म्हणूनच धर्मग्रामाच्या वाचनालयाने ही जबाबदारी उचलावी, असे सुचवावेसे वाटते. वाचनालयाच्या समितीत एखादी बालवाडीची शिक्षिका आणि एखादा तरुण संगणक-अभियंता घ्यावा. वर्षाला दहाच पुस्तके घ्यावीत, पण ती समितीतल्या कोणीतरी आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली असावीत. पहिल्या कम्युनियनला वा नाताळला पुस्तक भेट देणाऱ्यांनीही एवढे पथ्य पाळावे : दुकानातच उभे राहून बालपुस्तक संपूर्ण वाचावे. त्याला पाच मिनिटे पुरतात. त्या पाच मिनिटांत स्वतःला कंटाळा आला, तर ते पुस्तक परत ठेवावे.