सगळे निकष एकदम पाळता येतात का? ‘शेपिंग अ डिजिटल वर्ल्ड’ वाचताना

संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अर्जात एक वाक्य हमखास सापडतं: ‘मला समाजाच्या उपयोगाचं एआय बनवायचंय.’ इच्छा चांगलीच आहे, पण यात शोधायचं काय आहे? आज ज्या छोट्या पुस्तकाबद्दल लिहितोय, ते तुम्हाला या वाक्याच्या एक पायरी पुढे नेतं आणि तिथेच थांबतं. ते का थांबतं, हे समजून घेणं आपल्या कामाचं आहे.

पुस्तक डेरेक शूरमन यांचं, ‘शेपिंग अ डिजिटल वर्ल्ड’ (२०१३). ते लिहिलं तेव्हा शूरमन कॅनडातल्या रिडीमर या ख्रिस्ती महाविद्यालयात शिकवत होते. पुढे ते अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅल्विनला गेले. दोन्ही संस्था लिबरल आर्ट्स परंपरेतल्या. इथल्या ‘आर्ट्स’चा आपल्या कला शाखेशी घोळ करू नका. संगणकशास्त्राचा विद्यार्थी तिथे अल्गोरिदमसोबत इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य शिकतो आणि ख्रिस्ती महाविद्यालय असेल तर बायबल आणि धर्मविचारही. मग संगणकाचे विषय कमी पडत नाहीत का? ही काळजी जुनीच आहे. १९८६ मध्ये गिब्ज आणि टकर यांनी लिबरल आर्ट्स महाविद्यालयांसाठी संगणकशास्त्राचा वेगळा नमुना अभ्यासक्रम मांडला, तो याच पेचातून.

आपल्याकडे अभियांत्रिकीत अनेक ठिकाणी मानवी मूल्यांचा स्वतंत्र पेपर असतो. पेपर दिला की विषय संपला, आणि डेटाबेसच्या वर्गात मूल्यांचं नावही निघत नाही. शूरमन यांचा आग्रह नेमका उलटा आहे. ते म्हणतात, तंत्रज्ञान तटस्थ नसतं. आराखड्यातल्या प्रत्येक निर्णयात आपण माणसाला आणि जगाला काय समजतो, ते उतरतं. पुस्तकाची मांडणी बायबलच्या कथाक्रमाने जाते: निर्मिती, पतन, तारण आणि येणारा काळ. संगणकाच्या शक्यता निर्मितीतच दडलेल्या होत्या, माणसाच्या पतनाने त्यांचा वापर वाकडा झाला, आणि जबाबदारीने काम करणं हा दुरुस्तीचा भाग, असा हा युक्तिवाद आहे.

पुस्तकाचा सगळ्यात उपयोगी भाग तारणाच्या प्रकरणात येतो. डच तत्त्वज्ञ हर्मन डोयवेर्ट यांनी वास्तवाचे संख्येपासून श्रद्धेपर्यंत पंधरा पैलू मानले. त्यांचा आधार घेऊन शूरमन तंत्रज्ञानाला निकष लावतात: भाषिक, सामाजिक, आर्थिक, सौंदर्याचा, न्यायाचा, नीतीचा वगैरे. तुमची श्रद्धा काहीही असो, ही यादी हाताशी ठेवा. ‘चालतं का? वेगाने चालतं का?’ या दोनच प्रश्नांत अडकलेल्या आपल्या डोक्याला ती आणखी प्रश्न सुचवते.

माझा आक्षेप याच्या पुढच्या पायरीवर आहे. या परंपरेत सगळे निकष एकाच वेळी साधायचे असतात. एकाचा बळी देऊन दुसरा नाही. ऐकायला सुंदर आहे. पण निकषच एकमेकांवर आदळले तर?

एक खरा दाखला बघा. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाज देणारी ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली वापरली जाते. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवलं, की ज्यांनी पुन्हा गुन्हा केला नाही अशांपैकी कृष्णवर्णीयांना ‘जास्त धोका’ हा शिक्का गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात बसला होता. कंपनीचं उत्तर वेगळंच होतं: समान गुणांकाचा अर्थ दोन्ही गटांत सारखाच आहे, मग भेदभाव कुठे? त्याच वर्षी क्लाइनबर्ग, मुल्लैनाथन आणि राघवन यांनी, आणि स्वतंत्रपणे चौल्डेचोवा यांनी, गणिताने दाखवलं, की दोन गटांत नोंदलेल्या पुनर्गुन्ह्यांचं मूळ प्रमाण वेगळं असेल आणि अंदाज अचूक नसेल, तर या दोन्ही अर्थांनी प्रणाली न्याय्य ठेवता येत नाही. म्हणजे ‘न्याय’ या एकाच निकषाच्या पोटात दोन मागण्या निघाल्या, आणि त्या एकत्र नांदत नाहीत.

तुम्ही म्हणाल, २०१३ च्या पुस्तकाला २०१६ च्या प्रमेयावरून कसं पकडता? बरोबर, ते प्रमेय त्यात असायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण १९९६ मध्येच फ्रीडमन आणि निसेनबाम यांनी संगणक-प्रणालींतल्या पक्षपाताचे तीन प्रकार सांगितले होते: समाजातून आलेला, तांत्रिक मर्यादेतून आलेला आणि वापरात उगवलेला. ‘न्यायाने वागा’ एवढं सांगून हे लेखक थांबले नाहीत. पक्षपात कुठे शोधायचा, हे त्यांनी सांगितलं. निकषाचं रूपांतर तपासता येईल अशा दाव्यात झालं, की संशोधन सुरू होतं. शूरमन यांच्या पुस्तकात हे रूपांतर मला हवं तितकं दिसत नाही.

गंमत म्हणजे, पुस्तकाच्याच चौकटीत एक उत्तम प्रश्न पडून आहे. ही जी अशक्यता गणिताने दाखवली, ती पतनाचा परिणाम, की निर्मितीचीच मर्यादा? दोन गटांतला नोंदलेला फरक समाजातल्या अन्यायातून आला असेल, तर दुरुस्ती समाजात करायची. पण ‘असा फरक असताना दोन्ही साधणार नाही’ हे विधान तर निव्वळ गणित आहे. त्याला पाप कसं म्हणणार? पहिली बाजू घेतली तर तुम्ही पोलिसांच्या नोंदी तपासायला जाल. दुसरी घेतली तर कोणता निकष कुणाच्या संमतीने सोडायचा, हे ठरवायला जाल. हे दोन वेगळे प्रबंध आहेत. अल्गोरिदम आणि धर्मविचार एकाच आठवड्यात शिकणारा विद्यार्थी हा प्रश्न इतरांपेक्षा आधी विचारू शकतो. अशा महाविद्यालयाचं खरं बळ मला इथे दिसतं.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा, पण हातात पेन्सिल ठेवून. प्रत्येक निकषासमोर तीन गोष्टी लिहा: हा मोजायचा कसा, कशाशी भांडतो, आणि काय सापडलं तर मी माझं मत बदलेन. तिसरा रकाना कोरा राहिला, तर तुमच्याकडे मूल्य आहे, शोधप्रश्न अजून नाही. अर्ज लिहायला बसाल, तेव्हा आधी तोच रकाना भरा.