झरोका वरच्या मजल्यावर

इंग्लंडातल्या एका गढीवर लिहितोय. श्रॉपशायर परगण्यातलं स्टोकसे. नाव किल्ल्याचं, पण खरं तर तटबंदीचा वाडा. नकाशा नि फोटो पुढ्यात घेऊन बसलोय. आमच्या गावच्या गढीची भिंत माझ्या आज्यानं लिंपली, आत पाय मात्र कधी टाकला नाही. म्हणून दगडमातीचं कौतुक ऐकलं की मी आधी विचारतो – पैका कुणाचा?

पैका लोकरीचा. लॉरेन्स ऑफ लडलो हा सरदार-बिरदार नव्हे, व्यापारी. १२८१ मध्ये त्यानं जागा घेतली, १२९१ मध्ये राजाकडनं चऱ्या बांधायचा परवाना मिळवला. आता गंमत बघा. बुरूज आहे, खंदक आहे, आणि दालनाच्या खिडक्या ह्या एवढाल्या, खंदकाच्या अंगालासुद्धा! असल्या घरात वेढा सोसवत नाही. १६४५ मध्ये यादवीत वेळ आली तेव्हा न लढताच ताबा दिला. तट शत्रूसाठी नव्हताच, पंचक्रोशीला दाखवायला होता. १२९४ मध्ये राजानं लोकरीवर जबर कर बसवला, त्या व्यवहारात हाच लॉरेन्स पुढं. बोजा मेंढ्या पाळणाऱ्यांवर. त्याच साली तो लोकरीच्या ताफ्याबरोबर जाताना समुद्रात बुडाला. एका बखरकारानं ती पापाची फेड मानली.

दालनात मधोमध आगटी, धूर छपराकडे. नोकर-चाकर इथंच. आणि मालकाच्या वरच्या खोलीतून दालनात डोकावणारे दोन झरोके. वास्तुकलेवर लिहिणारे छपराच्या वाकड्या तुळयांपाशी रमतात. रमावंच, सुतारानं कमाल केलीय. पण त्या सुताराचं नाव?

पुढं मालक गेले. वाड्यात धान्य साठलं, पिंपं घडली, लोहाराचा भाता चालला. १८६९ मध्ये हातमोज्यांचा कारखानदार ऑलक्रॉफ्ट यानं वाडा घेऊन डागडुजी केली. खोटं काही उभं केलं नाही, हे मी खुल्या मनानं मान्य करतो. १९९२ पासून वाडा इंग्लिश हेरिटेजकडे आहे. दालन अजून उघडंबोडकं, उसनं सामान नाही.

भांडण आहे ते निराळं. व्यापाऱ्याची १०-१५ वर्षं ‘मूळ’ ठरली, नि घण वाजत होता तो काळ ‘पडझडीचा’. लोहार घाम गाळत होता, त्याला पडझड म्हणायचं? पुढ्यातला एक फोटो झरोक्यातूनच काढलाय. वरून. खाली रिकामी फरशी दिसते.