नकाशात उरलेली गल्ली

जुन्या मुंबईचा एखादा फोटो फिरत आला की पहिला उद्गार ठरलेला : काय शांत शहर होतं हो! आज आम्ही बोलणार आहोत ते या उद्गाराबद्दल, कारण गेलेल्या गल्ल्यांचा माग काढणारी मंडळीही बरेचदा याच डोळ्यांनी फोटो बघतात आणि मग माग चुकतो.

१८६०च्या दशकातला फोटो काचेवर घेतलेला असायचा. रस्त्याचं चित्र उमटायला अनेकदा काही सेकंद लागत. तेवढ्यात जो चालत गेला, तो फोटोतूनही गेला. सोडून ठेवलेली बैलगाडी दिसते, दुकानाच्या फळीवर बसलेला माणूस दिसतो, बाकी रस्ता रिकामा. गोविंद नारायण माडगांवकरांचं मुंबईचं वर्णन १८६३ सालचं. ते शेजारी उघडून ठेवा, म्हणजे ती शांतता कॅमेऱ्याची होती हे कळेल.

दुसरा प्रश्न, कॅमेरा तिथे कशासाठी गेला? सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात प्लेग उघड झाला. त्या साथीतले फोटो पाहा. ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवलेली घरं, आणि भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरं, म्हणजे माणसांना राहायला अयोग्य. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. अशा कामाचा नमुना ग्लासगोत आधीच होता. तिथल्या ट्रस्टने पाडायच्या गल्ल्यांचे फोटो टॉमस अ‍ॅननकडून काढून घेतले होते. तेव्हा अशा फोटोत गल्ली काळोखी, कोंदट दिसते, ती खोटी नाही. पण ते आरोपपत्राला जोडलेलं चित्र आहे. ‘पाडलं ते बरंच झालं’ असा निकाल त्यावरून देणं म्हणजे एकाच पक्षाचं ऐकून खटला संपवणं.

मग नकाशा तरी निःपक्षपाती का? लॉटनची पाहणी १८६५ ते १८७२ या काळातली. फार उपयोगी, पण असल्या नकाशाला मालकाची हद्द दिसते, वरच्या मजल्यावरच्या खोलीतला भाडेकरू दिसत नाही. त्यातली मौज अशी की त्याचे आकडे अजून जिवंत आहेत. वर्तमानपत्रात मालमत्तेची जाहीर नोटीस येते ना, तिच्यात कधीकधी कलेक्टरचा जुना नंबर, लॉटनचा सर्व्हे नंबर आणि आजचा सी. एस. नंबर एका ओळीत असतात. आम्ही तर म्हणू, सुंदर फोटोपेक्षा असली रुक्ष नोटीस जास्त बोलते.

हल्ली जुना नकाशा उपग्रहाच्या चित्रावर ताणून बसवतात. दिसायला झकास. पण दहा फुटांच्या बोळात पाच फुटांची चूक झाली की बोळ शेजारच्याच्या स्वयंपाकघरात! देवळं हलत नाहीत, ती खूण धरू, असंही समजू नका. खुद्द मुंबादेवी फोर्टच्या बाजूहून आजच्या जागी आली. त्यापेक्षा जमिनीच्या तुकड्यांचे आकार बघा. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ट्रस्टने दाट वस्तीतून काढले. अशा रस्त्यावर एखादा तुकडा अकारण तिरपा संपत असेल, एखादा बोळ मध्येच तुटून पलीकडे तसाच सुरू होत असेल, तिथे थांबा. नकाशा तिथे उघडायचा, सगळ्या शहरावर पसरायचा नाही.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण भेंडीबाजार. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे इमारती, एकत्र पुनर्विकास. पडक्या जिन्यांचे आणि तडे गेलेल्या भिंतींचे फोटो ढिगाने निघालेत. शंभर वर्षांनी कोणी ते पाहील तेव्हा त्यालाही वाटेल, पाडलं ते बरंच झालं. इमारती खरंच मोडकळीला आल्या होत्या, ते आम्ही नाकारत नाही. पण जिन्याचा फोटो काढता, तर गल्लीचं तोंडी नाव, तारीख आणि कॅमेरा कुठल्या दिशेला होता एवढं लिहून ठेवा. आणि घरात पागडीच्या भाड्याची जुनी पावती असेल तर तिचाही फोटो घ्या. इमारतीचं नाव, खोली नंबर, भाडेकरूचं नाव : लॉटनच्या नकाशात नाही ते सगळं त्या कागदावर असतं. आणि घर बदलताना रद्दीत पहिल्यांदा जातो तोच कागद.