‘गोपनीयता’ : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

१

तंत्रज्ञानविषयक वार्तांवर सामान्य माणूस जी मते व्यक्त करतो ती अभ्यासाचा विषय होऊ शकतात, असे सहसा मानले जात नाही. ती ऐकीव, अपुऱ्या माहितीवर आधारलेली आणि म्हणून उपेक्षणीय, असा समज रूढ आहे. परंतु मत हे शब्दांतूनच आकार घेते. विषयाचे नाव घेण्यासाठी भाषेने जो शब्द पुढे केला असेल, त्याच्या अर्थमर्यादेत विचार फिरत राहतो. आणि तो शब्दच विषयाला पुरा पडत नसेल, तर मतातील उणिवेचा सगळा दोष बोलणाऱ्याच्या पदरी टाकणे न्याय्य ठरत नाही. स्वतःविषयीच्या माहितीवर माणसाचा अधिकार असतो, ही कल्पना आज मराठीत बहुधा ‘गोपनीयता’ या शब्दाने व्यक्त होते. या शब्दामुळे लोकमताला कोणते वळण लागले आणि ते वळण अपरिहार्य होते काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

विवेचनासाठी खेड (जिल्हा रत्नागिरी) हे तालुक्याचे गाव समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. जगबुडी नदीच्या काठचे हे गाव आज मुंबई-गोवा महामार्गाने आणि कोकण रेल्वेने जोडलेले आहे. पण त्याचे मुंबईशी नाते या दोहोंहून जुने आहे. कर्ती माणसे मुंबईला किंवा आखाती देशांत आणि घर कोकणात, ही या भागाची परिचित रीत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या, त्यामागेही हेच स्थलांतर आहे. अशा घरांचा व्यवहार दीर्घ काळ टपालाने चालला आणि आज तो मोबाइलवरून चालतो. निरोप, पैसा आणि ओळख परक्याच्या हातून पुढे जाण्याचा अनुभव येथे नवा नाही. म्हणूनच या विषयावरील येथील व्यवहारभाषा विचारात घेण्याजोगी आहे.

२

अलीकडच्या काही वर्षांत तीन प्रसंगी या विषयाची चर्चा घराघरांत पोचली. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या नव्या अटी मान्य करण्याची सूचना वापरकर्त्यांपुढे ठेवली. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने, आधारपत्राची झेरॉक्स कोणालाही देऊ नये, असे निवेदन काढले. त्यातून गैरसमज होण्याचा संभव आहे असे सांगून केंद्र शासनाने ते दोन दिवसांत मागे घेतले. २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या निमित्ताने महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी आपला आधार क्रमांक आणि बँक खाते अर्जात नोंदविले.

या प्रसंगी खेडच्या बाजारपेठेत वा सेवा केंद्राच्या रांगेत जी मते ऐकू येतात, तीच महाराष्ट्रातील अन्य तालुक्यांच्या गावीही ऐकू येतात. त्यांचे तीन प्रकार करता येतात. पहिले मत : ज्याच्यापाशी लपविण्याजोगे काही नाही, त्याने भिण्याचे कारण नाही. दुसरे मत : माहिती केव्हाच सगळीकडे गेलेली आहे, आता राखण्याजोगे उरले काय? तिसरे मत : हा शहरातल्या शिकलेल्यांचा विषय आहे, ज्याला रेशन वा अनुदान घ्यावयाचे आहे त्याला ही चैन परवडणारी नाही. ही मते परस्परांहून भिन्न दिसली तरी त्यांतील गृहीत एकच आहे. ते असे की, प्रश्न काहीतरी झाकून ठेवण्याचा आहे. झाकण्याजोगे नसेल, झाकण उडालेले असेल किंवा झाकणे परवडत नसेल, तर प्रश्न संपला. हे गृहीत आले कोठून, हे पाहण्यासाठी शब्दाकडे वळले पाहिजे.

३

‘गोपनीय’ हे ‘गुप्’ धातूचे विध्यर्थी रूप आहे. या धातूचा अर्थ राखणे, रक्षण करणे असा असून लपविणे हा अर्थही त्याला आहे. मराठीत मात्र ‘गुप्त’, ‘गुपित’, ‘गुप्तहेर’ या शब्दपरिवारामुळे लपविण्याचाच अर्थ प्रबळ झाला. आधुनिक मराठीत या शब्दाला प्रतिष्ठा मिळाली ती कचेरीत. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहाराची परिभाषा राज्यभर रूढ झाली. ‘गोपनीय अहवाल’ म्हणजे कर्मचाऱ्याविषयी वरिष्ठाने लिहिलेला अभिप्राय. ‘पदाची व गोपनीयतेची शपथ’ मंत्री घेतात, आणि कारभारातील गोष्टी बाहेर न सांगण्याचे बंधन स्वीकारतात. दोन्ही ठिकाणी गोपनीयता ही सत्तेची आहे. जाणणारे कार्यालय असते आणि ज्याला कळू द्यावयाचे नाही तो नागरिक असतो.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला, त्या वेळी हाच शब्द उलट्या दिशेने वापरण्याची पाळी आली. शर्मा (१९५४) आणि खडकसिंग (१९६२) या खटल्यांतील विरुद्ध मत न्यायालयाने रद्द ठरविले, आणि संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवित व स्वातंत्र्य यांच्या हमीत व्यक्तीचा हा अधिकार अंतर्भूत असल्याचे सांगितले. त्या निर्णयाचा गाभा लपविण्यात नाही. स्वतःसंबंधीचे निर्णय स्वतः घेण्याच्या मोकळिकीत आणि माणसाच्या प्रतिष्ठेत आहे. मराठी वृत्तपत्रांनी या अधिकाराला बहुधा ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हटले. इंग्रजीत सीक्रसी, कॉन्फिडेन्शियलिटी आणि प्रायव्हसी असे तीन शब्द तीन निरनिराळ्या संबंधांसाठी आहेत : पहिला गुपिताचा, दुसरा विश्वासाने सोपविलेल्या गोष्टीचा, तिसरा व्यक्तीच्या स्वतःच्या कक्षेचा. मराठीने तिन्हींचा भार एकाच शब्दावर टाकला. परिणामी अधिकाराचे नाव घेताच लपवाछपवीचा संशय सोबत आला. पहिल्या मताचा उगम येथे आहे. नागरिक तर्कात चुकला नाही. शब्दाने जे सुचविले तेच त्याने समजून घेतले.

हिंदीने या अर्थी ‘निजता’ हा शब्द घेतला. मराठीत ‘निज’ हे विशेषण संतवाङ्मयात विपुल असले तरी आजच्या बोलीत ‘निज’ म्हणजे झोप. त्यामुळे तो शब्द येथे रुजणे कठीण. ‘एकांत’ हा शब्द सुंदर आहे, पण तो एका स्थितीचे वर्णन करतो, अधिकाराचे नव्हे. उरतो ‘खासगी’. अरबी ‘खास’ला फारसी प्रत्यय लागून आलेला हा शब्द मराठ्यांच्या राज्यकारभारात राजघराण्याच्या स्वतःच्या मिळकतीचा व खर्चाचा वाचक होता, होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ हे दोन विभाग वेगळे होते. म्हणजे जे राज्याचे नव्हे, आपले आहे, ते खासगी. येथे लपविण्याचा अर्थ नाही, स्वामित्वाचा आहे. या शब्दाचा दोष असा की ‘खासगी शाळा’, ‘खासगी बस’ अशा प्रयोगांमुळे त्याला ‘सरकारी नव्हे ते’ असा व्यापारी अर्थ चिकटला आहे. तथापि ‘खासगीत सांगणे’ हा वाक्प्रयोग अद्याप जिवंत आहे आणि तो फार बोलका आहे. खासगीत सांगितलेली गोष्ट लाजिरवाणी असतेच असे नाही, ती गुपितही नसते. ती अमुक माणसांपुरती आणि अमुक कारणापुरती असते, एवढेच. या विषयाला जी कल्पना हवी ती नेमकी हीच आहे.

४

ही कल्पना केवळ वाक्प्रयोगात नाही, रीतीतही होती. भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले. पुढे आंतर्देशीय पत्र आले; पाकीट होतेच. मुंबईहून कोकणातल्या घरी लिहिणारा चाकरमानी कोणता मजकूर उघड्या कार्डावर लिहावा आणि कोणता बंद पत्रात, हे शिकविल्यावाचून जाणत असे. पोचल्याची खुशाली कार्डावर चाले; कर्जाची वा सोयरिकीची गोष्ट बंद पत्रात जाई. मनीऑर्डरच्या खालच्या लहानशा जागेत मोजके शब्द लिहिले जात, कारण पैसे देताना टपालवाला ते वाचून दाखविणार हे ठाऊक असे. वाचून दाखविणाऱ्या माणसावर विश्वास असे. त्याने ते चावडीवर सांगू नये हा संकेतही असे. पत्र टपालवाल्याने वाचले म्हणून ते गावाचे झाले, असे कोणी म्हणत नसे. दुसऱ्या मताला, म्हणजे ‘माहिती गेली ती गेलीच’ या निराशेला, या जुन्या रीतीतच उत्तर आहे. एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामासाठी दिलेली नसते. आधारपत्राच्या झेरॉक्सवर ‘फक्त अमुक कामासाठी’ असे आडवे लिहून सही करणारी माणसे हाच संकेत आजच्या कागदावर उतरवीत असतात.

कोकणी घराची रचनाही हेच सांगते. अंगण, पडवी, ओटी, माजघर, देवघर, परसू : कोणी कोठवर यावे याच्या या पायऱ्या होत. मात्र या उदाहरणाचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू झाकता येणार नाही. अनेकांना अंगणातच थांबविणारी मर्यादा जातीची होती, आणि माजघरातील स्त्रीला घराचा आडोसा होता, तरी तिचे स्वतःचे असे स्थान नव्हते. पुट्टस्वामी निर्णयातही याच धोक्याची जाणीव आहे : पुरुषसत्तेला झाकण्यासाठी या अधिकाराचा आधार घेता येणार नाही, असे न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या निकालपत्रात बजावले आहे. तेव्हा जुन्या रीतीतून घ्यावयाची ती मर्यादेची कल्पना; ती मर्यादा कोणी घालावी हा अधिकार मात्र घराकडून व्यक्तीकडे आला पाहिजे.

५

तिसरे मत सर्वांत गंभीर आहे, कारण ते बव्हंशी खरे आहे. ज्याला लाभ हवा त्याला माहिती द्यावीच लागते. येथे कोणी असा आक्षेप घेईल की, अडचण सक्तीची आहे. शब्द बदलून ती कशी दूर होणार? आक्षेप योग्य आहे. शब्दाने सक्ती दूर होत नाही. परंतु सक्तीला सक्ती म्हणता येण्यासाठी शब्द लागतो, आणि तो मराठीपाशी पूर्वीपासून आहे.

जमिनीच्या वा घराच्या मराठी दस्तऐवजात लिहून देणारा ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ लिहून देतो. जबाबाच्या शेवटी ‘वाचून दाखविला, बरोबर आहे’ अशी नोंद असते. निरक्षर माणसाच्या अंगठ्याशेजारी ‘निशाणी अंगठा’ असे लिहून तो कोणाचा, हे दुसरा माणूस आपल्या हाताने नोंदवितो. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे. यांतील ‘मुक्त’ म्हणजे राजीखुशी. ‘माहितीपूर्वक’ म्हणजे अक्कलहुशारी आणि वाचून दाखविणे. नवा कायदा जे मागतो ते मराठी दस्तऐवजाला अपरिचित नाही. तरीही मोबाइलच्या पडद्यावरील मराठी मजकूर ‘मी सहमत आहे’ एवढ्यावर थांबतो. सहमती दोघांच्या मतांच्या जुळण्याला म्हणतात. येथे मते जुळविण्याची संधीच नसते. एक पक्ष अटी लिहितो, दुसरा त्या ‘कबूल’ करतो वा नाइलाजाने सोसतो. रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा लावणाऱ्या बाईला अंगठा कशासाठी घेतला, हे कोणी वाचून दाखवीत नाही आणि तिच्या अंगठ्याशेजारी साक्षही नसते. ‘राजीखुशी’ हा शब्द जवळ असेल तर ‘चैन परवडत नाही’ या उद्गाराचा खरा अर्थ कळतो : संमती घेतली गेली, पण राजीखुशीने दिली गेली नाही.

याच कायद्यानुसार संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय माणसाला मिळावयाचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले, तेव्हा या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या सूचनांचे मराठी कसे असावे, हा त्यामुळे भाषाशास्त्राचाही प्रश्न झाला आहे. कायद्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. शासकीय लाभ देण्यासाठी काही अटींवर नव्याने संमती न घेता माहिती वापरण्याची मुभा शासनाला कलम ७ ने दिली आहे. तसेच २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयक पोटभाग बदलून, तेथे असलेली सार्वजनिक हिताची अट या कायद्याने काढली आहे. त्याच कलमातील हिताची सर्वसाधारण तरतूद तेवढी राहिली. अशा वेळी ‘गोपनीयता’ या शब्दाची कचेरीतील जुनी सवय पुन्हा बळावण्याचा धोका आहे. नागरिकाच्या अधिकाराचे नाव आणि माहिती नाकारणाऱ्या कार्यालयाच्या सबबीचे नाव एकच असेल, तर दोहोंतील भेद लोकांना दिसावा कसा?

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. डॉक्टर, बँक, कार्यालय यांच्यावर दुसऱ्याची माहिती न फोडण्याचे जे बंधन असते, त्याला ‘गोपनीयता’ म्हणावे. व्यक्तीच्या स्वतःच्या अधिकाराला ‘खासगीपण’ हे नाव द्यावे. दुसरी गोष्ट परीक्षेची. संमतीच्या मराठी मजकुराचा कस त्यातील संस्कृत शब्दांच्या शुद्धतेवर लावू नये. खेडच्या सेवा केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या बाईला तो एकदा वाचून दाखवावा. माहिती कोणाला, कशासाठी आणि किती काळ दिली, हे तिला आपल्या शब्दांत सांगता आले तर तो मजकूर मराठी आहे. सांगता आले नाही, तर तिच्या अंगठ्याला संमती म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.